बटाट्याला कोंब येतात, काय करू? सोसायटीत सारखे विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत आमच्या सोसायटीतले सात-आठ जण मिळून वाशी मार्केटमधून (म्हणायचं वाशी, आहे ते तुर्भ्यात) पन्नास किलोची बटाट्याची गोणी आणतो आणि पार्किंगमध्ये वजनकाटा ठेवून वाटून घेतो, गेली चार-पाच वर्षं चाललंय. पहिली गोणी आणली ती सप्टेंबरात, स्वस्त मिळाली म्हणून सगळे खूश, आणि दहाव्या दिवशी ग्रुपवर फोटो यायला लागले, कोणाच्या बटाट्याला शिंगं, कोणाच्या टोपलीत अख्खं जंगल. तेव्हापासून बटाट्याचा कुठलाही प्रश्न माझ्याकडेच येतो. तेच तेच परत टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच नीट लिहितेय.

परवाच आणले आणि आज डोळे फुटले. शिळा माल दिला ना आपल्याला?

शिळा नाही हो, जुना. दोन्हीत फरक आहे आणि सगळी गोम त्यातच आहे.

बटाटा हे मूळ नाही, खोड आहे, जमिनीखाली फुगलेलं. त्याचे डोळे म्हणजे फांदीवर असतात तसे अंकुर. काढणी झाली की हे डोळे आपोआप झोपतात, साधारण दोन-तीन महिने, जात कुठली आणि हवा कशी यावर थोडं कमीजास्त. त्या काळात तुम्ही त्याला उशाशी घेऊन झोपलात तरी कोंब येणार नाही. झोप संपली की मात्र तो फक्त ऊब मिळायची वाट बघत असतो.

आपल्याकडे येणारा बहुतेक बटाटा उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, गुजरातकडचा, म्हणजे मार्केटच्या भाषेत आग्रा, इंदोर, डिसा. तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढतात. मग वर्षभर जे खातो ते कुठून येतं? कोल्ड स्टोरेजमधून. तिथे दोन ते चार डिग्रीला ठेवतात, त्या थंडीत कोंब वाढत नाही. सप्टेंबरमध्ये तुमच्या हातात येणारा बटाटा सहा-सात महिन्यांचा असतो, त्याची झोप कधीच संपलेली, नुसता थंडीने दाबून ठेवलेला. तो गोणीतून निघून आपल्या तीस डिग्रीच्या किचनमध्ये आला की आठ दिवसांत उसळतो, त्यात दुकानदाराचा दोष नाही आणि तुमच्या टोपलीचाही नाही. पहिल्या वेळी मी त्या व्यापाऱ्याला फोन करून भांडले होते, आता आठवलं की लाजच वाटते.

त्यामुळे घेताना भावाआधी "नवा की कोल्डचा?" हे विचारायचं. खरं सांगतात, त्यांना लपवायचं काही कारण नसतं.

मग कुठल्या महिन्यात किती घ्यायचे?

हा माझा अनुभव, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पूर्वेकडच्या घरातला, तुमच्याकडे थोडा फरक पडेल.

फेब्रुवारी ते एप्रिल बिनधास्त घ्या, माल नवा असतो, झोपेत असतो, घरी महिनाभर आरामात जातो. मेमध्ये हात आखडता. जुलै ते ऑक्टोबर आठ दिवसांपुरतेच, चारजणांच्या घराला दोन-अडीच किलो पुरे, स्वस्त मिळाले तरी मोह नको कारण फेकलेले धरले की भाव तोच पडतो. ऑक्टोबर हिट तर सगळ्यात वाईट, माल सगळ्यात जुना आणि घर परत तापलेलं. नोव्हेंबर-डिसेंबरला मार्केटमध्ये जुना आणि लवकर काढलेला नवा शेजारी शेजारी असतो, नव्याचं साल अंगठ्याने सरकवलं की निघतं, तो ओळखायला सोपा, पण इतकं कोवळं साल असलेला माल फार टिकत नाही, त्याला खरचटलं की लगेच सडतो.

पावसाळ्याच्या शेवटी तळेगाव म्हणून जो येतो तो वेगळा, तो आपल्याकडचा खरीपाचा, मंचर, खेड, सातगाव पठाराकडचा. जून-जुलैला लावलेला आणि नुकताच काढलेला, त्यामुळे कोंबाच्या बाबतीत तो आग्र्यापेक्षा बरा. पण ओल्या जमिनीतून निघालेला असतो, एखादा नासका आत असला तर चार दिवसांत शेजाऱ्यांना घेऊन जातो, म्हणून घरी आणल्या आणल्या पसरून बघा. (महाराष्ट्राच्या पठारासाठी सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने १९७२ मध्ये एक लवकर तयार होणारा वाण काढला, त्याचं नाव चक्क "कुफरी लवकर". कुफरी हे सिमल्याजवळचं गाव, आणि लवकर आपलं मराठीतलं लवकर. मला हे नाव फार आवडतं.)

वन बीएचके आहे, ठेवायचे कुठे?

तीन गोष्टी हव्यात, अंधार, खेळती हवा आणि त्यातल्या त्यात गार जागा. पुस्तकात सात ते दहा डिग्री लिहिलेलं असतं, ते ठाण्यात वाचून फक्त हसायचं. आपल्याला जे मिळेल ते.

गारवा मिळवायच्या भानगडीत न पडता आधी गरम जागा टाळा. गॅसच्या ओट्याखालचं कपाट, फ्रिजच्या मागची किंवा वरची जागा, पश्चिमेची भिंत असलेली ड्राय बाल्कनी, गिझरच्या खालचं लॉफ्ट, हे सगळं बाद. घोडबंदर रोडच्या उंच टॉवरमध्ये राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या किचनला दुपारी तीननंतर सरळ ऊन येतं, तिच्याकडे आमच्याच गोणीतले बटाटे माझ्या आधी चार दिवस फुटतात. सिंकखालचं कपाटही नको, अंधार असतो पण ओल पण असते.

मला सगळ्यात चांगली सापडलेली जागा म्हणजे बेडरूममध्ये पलंगाखाली, जमिनीवर. फरशी गार असते, अंधार असतो आणि रात्री एसी लावत असाल तर बटाट्यांनाही फुकटात मिळतो. सासूबाई नौपाड्यातल्या जुन्या घरी तेच करायच्या, खाटेखाली गोणपाट अंथरून त्यावर एकाच थरात बटाटे, आणि दर रविवारी झाडू मारताना एकेक हातात घेऊन बघायच्या, मऊ लागला की त्या दिवशीची भाजी ठरली. एवढं केलं तरी अर्धं काम झालं. ढीग करू नका, ढिगाच्या मधे उष्णता साठते, बटाटा जिवंत असतो, श्वास घेतो, त्याची स्वतःचीच गरमी होते. तळमजल्यावर असाल तर उंदरांचा विचार करा, जाळीचा क्रेट घ्या.

मॉड्युलर किचनमधली ती स्टीलची जाळीची ट्रॉली दिसायला छान आहे, हवाही खेळते, पण समोरून उघडी असेल तर ट्यूबलाइटचा उजेड दिवसभर पडतो आणि बटाटे हिरवे होतात. पुढून एक जाड कापड लावा नाहीतर वरून वर्तमानपत्र टाका.

प्लास्टिकच्या पिशवीतच राहू दिले तर?

नको. घाम धरतो, सडतो. कापडी पिशवी, गोणपाट, बांबूची टोपली, भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका, काहीही चालेल.

माती लागलेली असते, धुऊन ठेवू का?

अजिबात नाही, ती माती राहू दे. धुतलं की साल ओलं राहतं, डोळ्यांच्या खड्ड्यात पाणी बसतं आणि पावसाळ्यात ते वाळतच नाही. लागतील तेवढे आयत्या वेळी धुवा. मॉलमध्ये चकाचक धुतलेले मिळतात ते दिसायला गोंडस पण तीन-चार दिवसांत संपवायचे असतील तरच घ्या.

कांदा-बटाटा एकत्र ठेवू नये म्हणतात ते खरं का?

वेगळे ठेवा, पण कारण जे सांगतात ते पूर्ण बरोबर नाही. कांद्याच्या गॅसने बटाट्याला कोंब येतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण तो गॅस म्हणजे इथिलीन, फळं पिकवणारा, आणि कांदा तो फार थोडा सोडतो. खरी अडचण साधी आहे, कांद्याला कोरडी हवा लागते आणि बटाट्याला दमट. एकत्र ठेवले की बटाट्याच्या ओलाव्याने कांदा आधी नासतो आणि मग नासक्या कांद्याच्या पाण्याने बटाटा. अलिबागचा पांढरा कांदा वेणी घालून टांगतात ना, तसा कांदा वर टांगा आणि बटाटा खाली अंधारात.

टोपलीत एक सफरचंद ठेवलं की कोंब येत नाहीत, असा व्हिडिओ आलाय.

हो, मलाही सहा जणांनी पाठवलाय. त्यात तथ्य आहे पण अर्धंच. सफरचंद पिकताना इथिलीन भरपूर सोडतं, आणि ते सतत मिळत राहिलं तर कोंब लांब होत नाहीत, ब्रिटनमध्ये मोठ्या गोदामांत इथिलीन सोडून बटाटे ठेवतातच. पण तिथे बंद खोली, ठरलेलं प्रमाण, महिनोन् महिने. इथिलीन थोडा वेळ मिळालं आणि मग बंद झालं तर उलट बटाट्याची झोप लवकर मोडते. आपल्या उघड्या टोपलीत पंख्याखाली गॅस उरतो किती? मी दोन वेळा करून बघितलं, फरक शून्य, आणि दुसऱ्या वेळी सफरचंद सडून चिलटं झाली ती वेगळी.

फ्रिजमध्ये ठेवले तर?

कोंब थांबतात, शंभर टक्के. पण थंडीत बटाटा आपल्या स्टार्चची साखर करायला लागतो, म्हणून तो गोडसर लागतो. कोल्डचा बटाटा कधी कधी गोड लागतो तोही याचमुळे. रस्साभाजी किंवा वड्याच्या सारणात हिरवी मिरची-लसूण असल्यामुळे कळत नाही, पण फ्राइज, वेफर्स, काचऱ्या करायला घेतलं की बाहेरून भराभर काळपट होतात आणि आतून कच्चे. तळताना त्या साखरेपासून अ‍ॅक्रिलामाइड नावाचा नको असलेला पदार्थही जास्त तयार होतो, म्हणून वर्षानुवर्षं फ्रिजला नाही म्हणत आले. ब्रिटनच्या अन्न खात्याने मात्र २०२३ मध्ये सल्ला बदलला, घरगुती फ्रिजमध्ये ठेवल्याने फारसा फरक पडत नाही, ठेवा म्हणाले.

माझं मत विचाराल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर उरलेले दोन किलो खुशाल भाजीच्या कप्प्यात ठेवा, कागदी पिशवीत, आणि भाजीला वापरा. तळायचे असतील तर आठवडाभर आधी बाहेर काढून ठेवा, बाहेर आल्यावर थोडी साखर परत कमी होते. फ्रीझरमध्ये कच्चा बटाटा टाकू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटून पचपचीत होतो, काळाही पडतो.

कोंब मोडून ठेवले की थांबतात का?

नाही, वाढतात. वरच्या टोकाचा डोळा आधी फुटतो आणि तो असेपर्यंत बाकीच्यांना दाबून ठेवतो, घरातल्या थोरल्यासारखा. तो मोडला की खालचे सगळे मोकळे सुटतात, आठ दिवसांनी बघा एकाच्या जागी पाच. शिवाय कोंबात बटाट्याचंच पाणी आणि पिष्ट जातं, म्हणून तो सुरकुततो. कोंब मोडायचाच असेल तर शिजवायच्या दिवशी मोडा.

मटकीचे मोड पौष्टिक, मग बटाट्याचे मोड का नाही चालत? मोड ते मोडच ना?

हा प्रश्न आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा, आणि मला वाटतं सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे. आपण दोन्हीला मोड म्हणतो म्हणून घोटाळा होतो.

मटकी हे बी आहे, मोड आले की पचायला हलकी होते. बटाटा वांगी-टोमॅटोच्या कुळातला, या झाडांचा पाला-खोड किडे-जनावरांनी खाऊ नये म्हणून ती स्वतः कडू विष बनवतात. बटाट्यातल्या विषाची नावं सोलानिन आणि चॅकोनिन. आतल्या गरात ते नगण्य असतं, सालात थोडं जास्त, आणि कोंबात व कोंबाच्या मुळाशी सगळ्यात जास्त, कारण तिथेच नवं कोवळं झाड तयार होतंय ना. जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटात कळ, जुलाब. १९६९ मध्ये लंडनच्या एका शाळेत ७८ मुलं जेवणानंतर आजारी पडली, मागच्या सत्रातली उरलेली बटाट्याची गोणी सुट्टीनंतर वापरली होती.

आणि हे उकडून जात नाही. कुकरच्या पाच शिट्ट्या करा नाहीतर तळा, घरातल्या स्वयंपाकाच्या तापमानाला ते जवळजवळ तसंच राहतं. सोलून आणि कापून काढूनच कमी होतं.

म्हणून नियम असा: बटाटा टणक आहे आणि कोंब बारीक, गव्हाच्या दाण्याएवढे, तर डोळ्यासकट खोल खरवडून काढा, सोला, खुशाल खा. बटाटा मऊ, सुरकुतलेला, कोंब बोटाएवढे, तर तो गेला, जीव अडकवू नका. खाताना कडू लागलं किंवा घशाशी चुरचुरलं तर पहिल्या घासालाच ताट बाजूला. लहान मुलं आणि गरोदर बायकांसाठी जास्त काटेकोर राहा. कोणाला उलट्या थांबतच नसतील तर घरगुती काढे न करता डॉक्टरकडे जा.

हिरवा झालेला?

हिरवा रंग स्वतः वाईट नाही, ते पानातलं हरितद्रव्यच. पण उजेडाने ते तयार होतं तेव्हाच विषही वाढतं, म्हणून हिरवा म्हणजे धोक्याची खूण समजायची. एखादा डाग असेल तर जाड काप काढून टाका. अर्धा बटाटा हिरवा असेल तर सगळा टाका. दुकानात ट्यूबलाइटखाली वरच्या थरातले हिरवट असतात, खालून काढून घ्या, भाजीवाला दादा कुरकुरतो, कुरकुरू दे.

मार्केटमध्ये कोंब येऊ नये म्हणून औषध मारतात का?

घरगुती भाजीचा बटाटा बहुतेक नुसत्या थंडीवर ठेवतात. औषध वापरतात ते जास्त करून वेफर्सच्या कारखान्यांसाठीच्या मालावर, कारण त्यांना साखर झालेला बटाटा चालत नाही, तो दहा-बारा डिग्रीला ठेवावा लागतो आणि त्या तापमानाला कोंब येतात. त्यासाठी सीआयपीसी नावाच्या रसायनाचा धूर गोदामात सोडतात, त्याने कोंबातल्या पेशींची वाढ थांबते. युरोपने २०१९ मध्ये त्याचा परवाना पुढे वाढवला नाही, आता तिकडे पुदिन्याचं तेल, इथिलीन असे पर्याय चालतात.

दुसरा मार्ग विकिरणाचा. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभं केलेलं कृषक नावाचं केंद्र २००२ पासून आहे, तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याची कोंब फुटायची ताकदच घालवतात. बटाट्यालाही हे चालतं, अगदी कमी मात्रा लागते आणि बटाटा किरणोत्सारी वगैरे होत नाही. आपल्या वाशीतही असं केंद्र २००० सालापासून आहे पण ते मसाल्यांसाठी. त्याच्यासमोरून रोज बसने जाणाऱ्या माझ्या मैत्रिणीला हे आत्ता कळलं.

पुदिना, लवंगा ठेवून काही होतं?

पुदिन्याच्या आणि लवंगेच्या तेलाची वाफ कोवळे कोंब जाळते हे खरं, पण गोदामात पुन्हा पुन्हा सोडावी लागते. पेरूच्या डोंगरात लोक पुदिन्याच्या जातीचा एक रानपाला बटाट्याच्या थरांत घालत आलेत, पण तिथे थंडीही आहे. आपल्या टोपलीत पुदिन्याची जुडी ठेवाल तर ती सडेल आणि ओल करेल. चटणी करा.

माठात, ओल्या वाळूत ठेवले तर गार राहतील?

नाशिक-नगरकडे कोरड्या उन्हाळ्यात थोडं जमेल. इथे खाडीकाठी हवाच इतकी ओली की माठ झिरपतो पण गार होत नाही, जून ते सप्टेंबर तर विसरा. गावाकडे शेतकरी झाडाच्या सावलीत बटाट्याची आरण लावतात, ढीग आणि वरून पाचट-गवत, ते चालतं कारण रात्री हवा गार होते. आपल्या रात्री कुठे गार होतात.

बाहेरून छान, कापला तर मधोमध काळा. हे काय?

गुदमरला. फार उष्णतेत किंवा हवा न मिळाल्याने बटाट्याचा आतला भाग मरतो, बंद ट्रकमध्ये उन्हात उभा राहिलेला माल असतो त्यात हे जास्त. काळा भाग काढून उरलेला वापरता येतो, वास येत असेल तर टाका. बारीक भोकं आणि डोळ्यापाशी काळी घाण दिसली तर ती अळी, बटाट्यावरच्या पतंगाची, तो बटाटा लगेच घराबाहेर काढा नाहीतर पाकोळ्या होऊन बाकीच्यांवर बसतात.

दहा किलो उरलेत आणि कोंब दिसायला लागलेत, आता?

आज रात्रीच डोळे काढून, सोलून उकडा. उकडलेला फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, त्यात पराठे, कटलेट, उपासाची भाजी, थालीपीठ निघतं. मार्च-एप्रिल असेल तर वेफर्स आणि कीस घालून गच्चीवर वाळवा. आपल्या आज्यांनी वाळवण नव्या बटाट्याच्या आणि कडक उन्हाच्या महिन्यात उगाच नाही बसवलं, साठवायचं तर वाळवून साठवा, हेच त्यांचं कोल्ड स्टोरेज. पावसाळ्यात ते जमत नाही, तेव्हा शेजारी वाटा.

फुटलेले कुंडीत लावले तर बटाटे येतील?

येतील, पण कधी लावता त्यावर. बटाटा धरायला रात्री गार लागतात, वीस डिग्रीच्या आसपास किंवा खाली, म्हणून आपल्याकडे नोव्हेंबरच्या मध्याला लावायचे. इथे खाडीकाठी जून-जुलैत लावाल तर नुसता पाला वाढेल. मी मागच्या हिवाळ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोणीत चार लावले, पाला गुडघ्याएवढा झाला, फेब्रुवारीत गोणी उलटी केली तर अकरा बटाटे, त्यातले सात गोटीएवढे. तेलात जिरं टाकून सालासकट परतले, चौघांना तीन-तीनसुद्धा आले नाहीत.